नकाशातून नेमके काय काढले?

मराठीच्या एम.ए.च्या वर्गाला अंतर्गत मूल्यमापनासाठी आम्ही दरवर्षी एखाद्या संहितेचे रूपांतर करावयास सांगतो. कथेचे नाटक, कादंबरीतील एका प्रकरणाची पटकथा, आख्यानकवितेचे गद्य असे ठरावीक नमुने येतात आणि आम्हीही ते ठरावीक पद्धतीने तपासतो. एका वर्षी मात्र एका विद्यार्थ्याने चार पानांच्या टिपणासोबत एक फाइल दिली. 'स्टारक्राफ्ट' या डावपेचांच्या संगणकीय खेळाचा तो एक नकाशा होता. कुणा परदेशी हौशी रचनाकाराने पूर्वी कधीतरी बांधलेला. विद्यार्थ्याने त्यातील सर्व सैन्य, सर्व इमारती, सर्व पहारे काढून टाकले होते आणि त्या रिकाम्या भूमीवर आपली गोष्ट मांडली होती. काढण्याचे काम त्याने हाताने केले नव्हते. त्यासाठी एक लहानसे साधन, म्हणजे शे-दीडशे ओळींचा प्रोग्राम, त्याने स्वतः लिहिला होता.

विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी टिपण चाळून दोन शब्दांत निकाल दिला: "ही चोरी." दुसऱ्या एकांनी विचारले, "पण यात वाङ्मय कुठे आहे?" आम्हा दोघांतही एकमत नव्हते. एकाला ते रूपांतर वाटत होते, दुसरीला उचलेगिरी. त्या वादातून आम्ही जिथे येऊन पोहोचलो तिथली भूमिका येथे मांडत आहोत. ती थोडक्यात अशी: नकाशातून युनिटे काढणारे साधन हे केवळ झाडलोट करणारे साधन नव्हे. काय 'ठेवलेले' आहे आणि काय मुळातच 'आहे' याचा निर्णय ते प्रत्येक वेळी घेत असते. म्हणजेच ते संहितेचे वाचन करत असते. आणि वाचन म्हटले की जबाबदारी आली.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही (आम्हीही त्या वर्षापर्यंत पाहिलेला नव्हता) त्यांच्यासाठी थोडा तपशील देणे अगत्याचे आहे. 'स्टारक्राफ्ट' १९९८ साली आला. खेळाबरोबरच 'स्टारएडिट' नावाचा नकाशा-संपादक दिलेला असे, आणि त्यामुळे जगभरच्या हौशी मंडळींनी या खेळासाठी अगणित नकाशे रचले. नकाशा म्हणजे नुसते भूचित्र नव्हे. त्या एका फाइलीत भूमी असते, त्या भूमीवर आधीच ठेवलेली युनिटे असतात, आयताकृती जागांना दिलेली नावे असतात (त्यांना 'लोकेशन' म्हणतात), 'अमुक घडले तर तमुक करा' अशा सूचना असतात (हे 'ट्रिगर'), आणि खेळाडूला दिसणारी वाक्ये असतात. रंगभूमीच्या भाषेत सांगायचे तर नेपथ्य, पात्रयोजना, रंगसूचना आणि संवाद हे सारे एकाच बाडात बांधलेले. फक्त वेगवेगळ्या दप्तरांत.

'दप्तर' हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. फाइल उघडली की आत खरोखरच असे विभाग एकामागून एक लावलेले आढळतात. प्रत्येकाच्या माथ्यावर चार अक्षरांचे नाव, त्यापुढे त्या विभागाची लांबी, आणि मग मजकूर. युनिटांच्या विभागात प्रत्येक युनिटाला नेमके ३६ बाइट मिळतात: त्याचा क्रमांक, आडवे-उभे स्थान, प्रकार, मालक कोण, प्राण किती टक्के शिल्लक, इत्यादी. राजापासून प्याद्यापर्यंत सर्वांना सारखीच जागा. आमच्या विद्यार्थ्याच्या नकाशात मुळात ४१२ युनिटे होती, म्हणजे १४,८३२ बाइटांची ती हजेरीपट्टी होती. साधनाचे काम वरवर पाहता अगदी सोपे: तो विभाग शोधायचा, त्यातल्या नोंदी पुसायच्या, माथ्यावरची लांबी दुरुस्त करायची आणि फाइल पुन्हा बांधायची. लांबीचा आकडा चुकला तर पुढचे सगळे विभाग वाचताना खेळ भरकटतो. पोथीचे एक पान गहाळ व्हावे आणि पुढच्या पानांचे क्रमांक मात्र तसेच राहावेत, तसा तो गोंधळ.

विद्यार्थ्याने पहिल्यांदा नेमके हेच केले. सगळ्या नोंदी पुसल्या. आणि नकाशा खेळण्याजोगा राहिलाच नाही.

याचे कारण आम्हाला फार बोलके वाटते. खेळाडूचा डाव जिथून सुरू होतो ती 'आरंभजागा' या फाइलीत युनिट म्हणूनच नोंदलेली असते. तिचा प्रकार-क्रमांक २१४. ती लढत नाही, हलत नाही, मरत नाही. पडद्यावर खेळताना ती दिसतसुद्धा नाही. तरीही हजेरीपट्टीत ती सैनिकांच्याच रांगेत उभी असते. खनिजांचे ढीगही तसेच (क्रमांक १७६ ते १७८), आणि वायूची विवरेही (१८८). पाहणाऱ्याला खनिज हा भूमीचाच भाग वाटतो. खाण कुणी 'ठेवलेली' असते असे आपण म्हणत नाही. पण फाइलीच्या लेखी खनिज हे रणगाड्याइतकेच ठेवलेले असते. आरंभजागा राखली आणि खनिजे मात्र पुसली, तर साध्या लढतीत खेळाडूला मिळते एक मुख्य इमारत, चार कामकरी आणि हातात ५० खनिजे. तेवढ्यात पाचवा कामकरी घेता येतो. त्यानंतर ते पाचही जण उभे राहतात, कारण खणायला काहीच नसते. आम्ही हे दृश्य विद्यार्थ्याच्या संगणकावर बराच वेळ पाहत बसलो. विषयांतराचा दोष पत्करून सांगतो: आधुनिक एकांकिकांतील निष्क्रियतेवर वर्गात आम्ही जे बोलतो, त्यापेक्षा ती दहा मिनिटे अधिक शिकवून गेली.

म्हणून दुसऱ्या आवृत्तीत त्याला यादी करावी लागली: हे काढायचे, हे राखायचे. या यादीपाशीच साधनाचे तटस्थपण संपते. 'सर्व युनिटे काढा' ही आज्ञा यंत्राला कळते, पण तिचा अर्थ फाइल ज्याला युनिट म्हणते तेवढाच. माणूस ज्याला युनिट म्हणतो ते वेगळे, आणि या दोहोंमधली फट बुजवायला कुणीतरी अर्थ लावावाच लागतो.

उलट बाजूनेही तीच गत आहे. झाडे, खडक, मोडकी वाहने अशी जी सजावट नकाशावर दिसते, ती आपल्या डोळ्यांना 'ठेवलेली' वाटते. पण त्यातील बरीचशी भूमीच्या फरशांतच मिसळून गेलेली असते. शिवाय या फाइलीत भूमीचे दोन पाठ असतात: एक संपादकासाठी, एक प्रत्यक्ष खेळासाठी. सजावटीची स्वतंत्र यादीही असते, पण ती फक्त संपादकाच्या उपयोगाची. ती यादी पुसली तरी खेळताना झाड जिथल्या तिथे दिसते. संहिताचिकित्सा शिकवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. एकाच ग्रंथाचे दोन पाठ शेजारी नांदत असतात. एक लेखकाच्या सोयीचा, दुसरा वाचकाच्या हाती पडणारा. पहिल्यात खाडाखोड केली म्हणून दुसरा आपोआप बदलत नाही.

कोरियात या खेळाच्या व्यावसायिक स्पर्धा भरू लागल्यावर तिथल्या नकाशाकारांनी तर ही सीमारेषाच पुसून टाकली. कुणाच्याही मालकीची नसलेली तटस्थ इमारत अरुंद वाटेत ठेवायची, म्हणजे ती फोडेपर्यंत ती वाट बंद. जवळजवळ रिकामे खनिजांचे ढीग ओळीने मांडायचे, म्हणजे ती भिंत झाली. कामकऱ्यांनी एक-दोन फेऱ्यांत ते ढीग संपवले की त्या भिंतीत दार उघडते. अशा नकाशावर 'तटस्थ युनिटे काढा' हा पर्याय चालवला तर सैन्याला धक्का लागत नाही, भूमीलाही लागत नाही, आणि तरी नकाशाकाराने रचलेला सगळा युक्तिवाद नाहीसा होतो. पहिल्या हल्ल्याला उशीर व्हावा म्हणून त्याने जी वाट अडवली होती ती उघडी पडते. कादंबरीतले एकही पात्र, एकही प्रसंग न वगळता फक्त विलंब वगळावेत, तसे हे आहे.

आता ट्रिगरांकडे येऊ. आम्हा भाषेच्या माणसांना सर्वांत अधिक खाद्य येथेच मिळाले. युनिटे गेली तरी त्यांच्याविषयीची वाक्ये जात नाहीत; ती दुसऱ्या विभागात असतात. विद्यार्थ्याने घेतलेला मूळ नकाशा वेढ्याचा होता: बर्फाळ प्रदेशातील तटबंदी, आत खेळाडूचे मोजके सैन्य, बाहेरून लाटांमागून लाटा. त्यात एक सूचना अशी की, तटात एकही सैनिक उरला नाही तर खेळाडू हरला. युनिटे पुसून नकाशा सुरू करताच ही अट काही क्षणांत पूर्ण झाली आणि पडद्यावर पराभवाची घोषणा झळकली. शत्रू नाही, युद्ध नाही, कुणी मेले नाही, तरी पराभव. वाक्याला आपला कर्ता सापडला नाही आणि त्याने शून्यालाच कर्ता मानले.

निवडक युनिटे काढली तर याहून सूक्ष्म प्रश्न उद्भवतात. या खेळात काही इमारतींना पुरवणी इमारत जोडलेली असते, आणि ती जोड एकमेकींच्या क्रमांकांच्या आधारे नोंदलेली असते. एक काढली की दुसरीच्या नोंदीत नसलेल्या इमारतीचा निर्देश उरतो. मराठीत 'जो' असलेले उपवाक्य खोडून 'तो' तसाच ठेवला तर वाचक मागे वळून 'तो म्हणजे कोण?' असे शोधू लागतो, त्यासारखेच हे. चांगले साधन अशी तुटलेली जोड शोधून तीही मोकळी करते. पण चांगल्या वाचकाने ती मोकळी करण्याआधी पाहून ठेवावी, असे आमचे मत आहे.

लोकेशनांची नावेही उरतात. रिकाम्या तटबंदीत 'उत्तर दरवाजा', 'जखमी', 'राखीव दल' या अर्थाची इंग्रजी नावे असलेले आयत तसेच होते; ज्या जागेला 'जखमी' म्हटले होते तिथे आता नुसता बर्फ. आपल्याकडे वड कधीच तुटला तरी वडगावचे नाव बदलत नाही. रचनाकाराने कुणाला कुठे उभे केले होते याचा बराचसा अंदाज केवळ या नावांवरून आणि ट्रिगरांवरून बांधता येतो. आम्ही तो बांधून पाहिला आणि मग मूळ नकाशाशी ताडून पाहिला. बऱ्याच ठिकाणी बरोबर आला. जिथे चुकला तिथे काही कळले. 'जखमी' या जागी मुळात एकही जखमी युनिट नव्हते. प्राण पूर्ण शंभर टक्के असलेले दोन सैनिक तिथे पहारा देत होते. जखमी नंतर यायचे होते.

या अनुभवानंतर 'यात वाङ्मय कुठे आहे?' या प्रश्नाचे उत्तर देण्याची आम्हाला फारशी गरज वाटत नाही. काढून पाहणे ही वाचनाची जुनी रीत आहे. विशेषणे काढून कविता वाचा, निवेदकाची भाष्ये काढून कथा वाचा, असे आम्ही वर्गात सांगतच असतो. विद्यार्थी 'हो' म्हणतात आणि तसे करत नाहीत, कारण हाताने ते कष्टाचे असते आणि परिणाम ताबडतोब दिसत नाही. येथे परिणाम पडद्यावर दिसतो. काय काढले की रचना कोसळते, काय काढले तरी ती उभी राहते, आणि काय काढल्यावर ती उभी असूनही निरर्थक होते, याचा भेद इतक्या स्वच्छपणे दाखवणारे साधन साहित्याच्या वर्गात आम्हाला तरी दुसरे मिळालेले नाही.

'ही चोरी' हा आक्षेप मात्र एवढ्याने निकालात निघत नाही.

विद्यार्थ्याची गोष्ट अशी होती: तटबंदी तीच, बर्फ तोच, पण आता तिथे एकही सैनिक नाही. फक्त तीस नागरिक. या खेळात 'नागरिक' नावाचे युनिट आहेच; ते निःशस्त्र असते. त्या नागरिकांना बाहेर पडायचे आहे आणि मूळ रचनाकाराने शत्रू आत येऊ नये म्हणून जे जे केले होते, अरुंद खिंडी, दुहेरी तट, एकच उतार, ते सर्व आता बाहेर पडणाऱ्यांच्या आड येते. कल्पना आम्हाला मनापासून आवडली. पण तिचे निम्मे बळ दुसऱ्याच्या भिंतीत आहे, हेही तितकेच खरे. आणि विद्यार्थ्याने नकाशाच्या वर्णनातील मूळ रचनाकाराचे टोपणनाव खोडून तिथे स्वतःचे नाव घातले होते. विचारल्यावर तो प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, मी त्यांचे सगळे काढलेच होते ना?"

तो खोटे बोलत नव्हता. साधनाने त्याला तसे सांगितले होते: ४१२ नोंदी काढल्या, शिल्लक शून्य. भूमी ही कुणाची रचना असते हे त्याच्या मनात आलेच नाही. कारण ज्या यादीतून त्याने काढले त्या यादीत भूमी नव्हती. आमच्या आक्षेपाचा रोख येथे आहे, आणि तो विद्यार्थ्यावर जितका आहे तितकाच 'रिकामा नकाशा' या शब्दप्रयोगावर आहे. १२८ गुणिले १२८ फरशांचा नकाशा म्हणजे १६,३८४ फरशा, आणि खिंड किती रुंद ठेवायची हे ठरवायला नकाशाकाराचे दिवस जातात. युनिटे गेल्यावर उरते ते त्याचे सर्वांत चिवट लेखन.

चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी १९५३ साली विलेम डी कूनिंग यांच्याकडून त्यांचे एक रेखाचित्र मागून घेतले आणि ते खोडून काढले. त्या जवळजवळ कोऱ्या कागदाच्या शीर्षकातच डी कूनिंग यांचे नाव आहे. खोडणाऱ्याने खोडलेल्याचे नाव ठेवले, म्हणून ती कृती झाली. एरवी तो एक वाया गेलेला कागद होता. आपल्या घरचे उदाहरण याहून भारदस्त आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाहावी. संपादकांनी निर्धारित पाठातून असंख्य श्लोक बाहेर काढले. महाभारत लिहून घेणाऱ्या गणपतीची लोकप्रिय कथासुद्धा मुख्य पाठात राहिली नाही. पण जे काढले ते फेकले नाही. ते तारांकित क्रमांकांसह तळटिपांत छापले, मोठे भाग परिशिष्टांत दिले. त्यामुळे संपादकांचा निर्णय ज्याला पटत नाही त्याला तो उलटवता येतो. युनिटे काढणाऱ्या साधनाकडून आमची अपेक्षा नेमकी एवढीच आहे. मूळ फाइल अस्पर्श राहावी, आणि जे काढले त्या प्रत्येक नोंदीची, स्थानासह व मालकासह, यादी शेजारी तयार व्हावी. ३६ बाइटांची नोंद पुसण्याइतकेच ती लिहून ठेवणेही सोपे आहे.

काही नकाशाकार आपल्या रचनेला कुलूप लावतात. केवळ संपादकाला लागणारे विभाग ते बिघडवून वा काढून टाकतात. खेळ नकाशा वाचतो, पण संपादक तो उघडू शकत नाही. खेळता येईल पण चिरता येणार नाही, अशी ही संहिता. त्यांची भीती आम्ही समजू शकतो; नावे खोडली जातात हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. तरीही कुलपाची बाजू आम्ही घेणार नाही. ज्यातून काही काढून पाहता येत नाही ते शिकवताही येत नाही. आणि कुणापासून रक्षण करायचे याचाही विचार व्हावा. २०२० साली 'वॉरक्राफ्ट ३'च्या नव्या आवृत्तीसोबत ब्लिझार्ड कंपनीने जी नियमावली दिली, तीनुसार खेळाडूंनी रचलेले खेळ ही सर्वस्वी कंपनीची मालमत्ता ठरते. दोन हौशी रचनाकार एका खिंडीच्या श्रेयावरून भांडत असताना वरचा मालक सगळी तटबंदीच आपल्या नावावर करून मोकळा झालेला असतो.

असो. विद्यार्थ्याला आम्ही प्रकल्प परत दिला. नापास केला नाही. त्याने साधनात यादीची सोय केली, मूळ टोपणनाव वर्णनात परत आणले, त्याखाली आपले नाव लिहिले आणि ४१२ ओळींचे परिशिष्ट टिपणाला जोडले. मूळ वर्णनात एक ई-मेल पत्ता होता. त्यावर त्याने परवानगी मागणारे पत्र धाडले. ते दुसऱ्याच दिवशी परत आले, पत्ता अस्तित्वात नाही म्हणून. दुसऱ्यांदा नकाशा तपासताना आम्हाला एक जुना ट्रिगर शिल्लक राहिलेला आढळला: नागरिक उत्तर दरवाजापाशी पोहोचले की पडद्यावर मूळ रचनाकाराचे वाक्य उमटत होते, दरवाजा कोणत्याही परिस्थितीत सोडू नका, अशा अर्थाचे. ते काढायचे राहिले का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, आधी राहिले होते, आता ठेवले आहे.

ज्येष्ठ सहकारी अजूनही त्याला चोरीच म्हणतात. परिशिष्ट मात्र त्यांनी पूर्ण वाचले.